हिरवळीच्या काठावरचा फटका

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

गोल्फ आपल्याकडे बहुधा चुकून दिसतो. टीव्हीचं बटण दाबत जाताना मध्येच एक हिरवंगार मैदान येतं, कुणी एक माणूस हातात काठी घेऊन जमिनीकडे बघत उभा असतो, आणि तो काही करायच्या आत आपण पुढच्या वाहिनीवर पोचलेले असतो. आज मला त्या उभ्या माणसाविषयी बोलायचं आहे. चेंडू मारण्याआधी तो एवढा वेळ कसला विचार करत असतो? हा विचार फार जुना आहे. त्यात स्कॉटलंडची वाळवंटी किनारपट्टी आहे, कंपनी सरकारच्या काळातली मुंबई आहे, लष्कराच्या छावण्या आहेत आणि दुसऱ्याच्या काठ्यांचं ओझं खांद्यावरून वाहणारी गरिबाघरची पोरं आहेत.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. काठीने चेंडू मारत न्यायचा आणि जमिनीतल्या भोकात घालायचा, तोही कमीत कमी फटक्यांत. अशी अठरा भोकं. भोकाभोवतीचं गवत अगदी बारीक कापलेलं असतं, सतरंजीसारखं. त्या जागेला ग्रीन म्हणतात. भोकाचा व्यास सव्वाचार इंच. हे माप १८९१ साली सेंट अँड्र्यूजच्या क्लबाने ठरवून दिलं, ते आजही तेच आहे. दोन-अडीचशे यार्डांचे फटके डोळ्यांत भरतात, लोक टाळ्या वाजवतात. पण पुष्कळदा निकाल लागतो तो शेवटच्या वीस-तीस पावलांत. चेंडू ग्रीनच्या जवळ येऊन पडलेला असतो, ग्रीनवर मात्र नसतो. आता काय करायचं?

आमच्या बडनेऱ्यात जुन्या वस्तीत पोरं गोट्या खेळायची. आमच्या घरात त्यांना कंचे म्हणत. टाचेने माती फिरवून केलेला खड्डा म्हणजे गल. गोटी गलीत घालायची तर दोन रीती होत्या. एक, बोटाने जमिनीवरून घरंगळत सोडायची. दुसरी, वरून टाकायची, म्हणजे मध्ये खडा असो की काडी, गोटी त्यावरून जाऊन गलीपाशी पडते. काही चलाख पोरं तिसरी रीत काढत : थोडी हवेतून आणि मग उरलेली वाट घरंगळत. गोल्फमध्ये नेमकं हेच आहे. सपाट पात्याच्या पटर नावाच्या काठीने चेंडू नुसता घरंगळवणं, हा पहिला मार्ग. मधल्या कलाच्या काठीने चेंडू खरबरीत गवतावरून जेमतेम पलीकडे टाकायचा आणि बाकीचं अंतर त्याला धावू द्यायचं, ही चिप. आणि भरपूर कललेल्या पात्याच्या वेज नावाच्या काठीने उंच उडवून भोकाजवळ अलगद उतरवायचा, ही पिच. जाणत्यांचा जुना सल्ला असा की घरंगळवता येत असेल तर घरंगळवा, नाही तर चिप करा, आणि मध्ये वाळूचा खड्डा वगैरे आडवा आला तरच उडवा. कारण साधं आहे. जमिनीवरची चूक दोन-तीन हातांची असते. हवेतला फटका चुकला की चेंडू एक तर पायाशीच राहतो नाही तर ग्रीनच्या पार पलीकडे जातो.

सल्ला चांगला आहे, पण तो देणारा माणूस कुठल्या जमिनीवर उभा होता हे विचारायला हवं. काठी हातात असली तरी फटका जमीन ठरवते, आणि जमीन बदलत गेली तसा हा काठावरचा फटका बदलत गेला, असं मला या सगळ्या इतिहासात दिसतं. वऱ्हाडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आपली काळी माती मे महिन्यात दगडासारखी होते, भेगा अशा पडतात की गोटी आत गेली तर परत मिळत नाही. तीच माती मृगाच्या दोन पावसांनंतर अशी चिकट होते की टाकलेली वस्तू जागची हलत नाही. एकाच मैदानावर दोन ऋतूंत दोन वेगळे खेळ खेळावे लागतात.

स्कॉटलंडमधलं गोल्फ वाढलं ते समुद्रकाठच्या वाळूमिश्रित माळावर. त्याला ते लोक लिंक्स म्हणतात. वाऱ्याचा मारा सतत, गवत आखूड, जमीन घट्ट. तिथे चेंडू उंच उडवला की वारा तो घेऊन जाणार, म्हणून शहाणा माणूस चेंडू खालून धाववायचा. शिवाय त्या काळचा चेंडू चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून शिवलेला असे. कारागीर दिवसाला तीन-चार चेंडू करू शके, त्यामुळे तो महाग होता, आणि लोखंडी पात्याचा घाव चुकून वर बसला तर फाटायचा. म्हणून काठ्या बहुतेक लाकडी. चेंडू उचलायचा झाला तर बॅफी नावाची आखूड, कललेल्या डोक्याची लाकडी काठी असे.

सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्या काळातला सर्वांत नाणावलेला खेळाडू, आणि पिसांचे चेंडू करणाराही. ग्रीनजवळून बॅफीने चेंडू उडवण्याऐवजी क्लीक नावाच्या लोखंडी काठीने तो धाववत नेण्याची रीत त्याने रूढ केली, असं मानलं जातं. १८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त होता, टणक होता, आणि लोखंडाने फाटत नव्हता. रॉबर्टसनला तो मुळीच आवडला नाही, त्याचा पिढीजात धंदाच बुडायला निघाला होता. त्याचा हाताखालचा माणूस टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळला यावरून दोघांचं बिनसलं आणि मॉरिस वेगळा झाला. यंत्राच्या कापडाने आपल्याकडे कोष्ट्यांचं काय झालं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना रॉबर्टसनचा राग कळेल.

गंमत पुढे आहे. याच टॉम मॉरिसचा मुलगा, त्याचंही नाव टॉम, त्याने काठावरच्या फटक्यात क्रांती केली. मैदानांतून घोडागाड्या जात, त्यांच्या चाकांच्या चाकोरीत चेंडू अडकला की तो काढण्यासाठी लहान, गोल, जड लोखंडी डोक्याची एक काठी असे. या पोराने ती काठी चांगल्या गवतावर वापरायला घेतली. चेंडू उंच जाई आणि पडला की फारसा पळत नसे. १८६८, १८६९, १८७० आणि १८७२ अशा लागोपाठ झालेल्या चार ओपन स्पर्धा त्याने जिंकल्या (१८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही). १८७५ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो वारला. चाकोरीतून चेंडू काढायची काठी घेऊन त्याने खेळ चाकोरीबाहेर नेला, असं मराठीत म्हणता येतं. इंग्रजीतही हे वाक्य जमेल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा. त्यानंतर मुंबईचा, १८४२ चा. म्हणजे आपल्या बडनेऱ्याहून पुढे जाणारी आगगाडी १८६७ साली नागपूरला पोचली, त्याच्या पंचवीस वर्षं आधी मुंबईत गोल्फ सुरू झालं होतं. मुंबईच्या या मंडळींनी सेंट अँड्र्यूजला एक रौप्यपदक पाठवलं, ते बॉम्बे मेडल म्हणून तिथे ओळखलं जातं. पुण्याचा क्लब १८८६ चा. हिंदी माणसाला मात्र या मैदानांवर फार काळ प्रवेश होता तो ओझं वाहण्यापुरता. मुंबईत १९१८ साली विलिंग्डन क्लब निघाला, तो गोरे आणि हिंदी दोघांनाही सभासद होता यावं म्हणून. हिंदी म्हणजे अर्थातच राजेरजवाडे आणि गिरणीमालक.

पण मला रस आहे तो जमिनीत. स्कॉटलंडचा खेळ दख्खनच्या उन्हात आला तेव्हा ग्रीन आणायचं कुठून? आठ महिने पाऊस नाही. मग साहेबाने तोड काढली. भोकाभोवती गोल आकारात वाळू पसरायची, तिच्यात तेल मिसळायचं म्हणजे ती वाऱ्याने उडत नाही, आणि दाबून सपाट करायची. रंग तपकिरी, म्हणून नाव ब्राऊन. आपल्या देशात कितीतरी लष्करी छावण्यांच्या मैदानांवर ग्रीन नव्हतेच, ब्राऊन होते. ब्राऊनला पाणी लागत नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि त्याच उन्हाळ्यात मैदानांच्या पाण्यावरून उच्च न्यायालयाने क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, तेव्हा मला या ब्राऊनची फार आठवण झाली. दुष्काळी मुलखाला शोभणारी ती एक प्रामाणिक सोय होती.

ब्राऊनविषयी मला कळलं ते पुस्तकातून नव्हे, माझ्या धाकट्या मामूंकडून. १९६० च्या दशकात ते बडनेऱ्याहून मेल पकडून मुंबईला गेले. तिथे एका क्लबात साहेबांच्या काठ्या उचलायचं काम मिळालं. पुढे एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर ते दख्खनमधल्या एका छावणीत गेले आणि तिथे काही वर्षं कॅडी होते. क्लबाचं नाव सांगत नाही, कारण पुढचं ऐकायला त्यांना बरं वाटणार नाही. कॅडींना मैदानावर खेळायची परवानगी आठवड्यातून एक दिवस, सोमवारी. तोही सकाळी उन्हं चढेपर्यंत. स्वतःची काठी कुणाकडेच नव्हती. एखाद्या साहेबाने मोडकी म्हणून टाकून दिलेली मिळाली तर तिला तार गुंडाळून सहा जणांत वापरायची.

मामू सांगत की ब्राऊनच्या काठावर साहेब चुकतो, कारण तो भोकाकडे बघतो. बाहेरची जमीन टणक, बोडकी. आतली वाळू मऊ. चेंडू बाहेर पडला तर दगडावर आपटल्यासारखा उसळून पार होतो, आत पडला तर त्याचा जोर वाळू खाऊन टाकते. एकाच फटक्यात चेंडूला दोन स्वभावांच्या जमिनी ओलांडायच्या असतात. म्हणून आधी चेंडू टेकणार कुठे ती जागा ठरवायची, आणि ती ठरली की काठी आपोआप ठरते. मला ते म्हणायचे, "बेटा, पैले जमीन देख, फिर गड्ढा देख." साहेब हात पुढे करायचा आणि मामू न बोलता काठी द्यायचे. साहेबाने वेज मागितली असताना मामूंनी दुसरीच काठी हातात ठेवली, आणि साहेबाने ती मुकाट्याने घेतली, असंही घडायचं. निवड कॅडीची, फटका साहेबाचा. चेंडू भोकाजवळ थांबला की टाळ्या कुणाला मिळत हे सांगायला नको. चेंडू वाळूत रुतला की मात्र काठी चुकीची दिलेली असायची.

याच काळात दूर अमेरिकेत हा फटका भलतीकडे वळला होता. १९३२ साली इंग्लंडमध्ये सँडविच इथे झालेली ओपन स्पर्धा जीन सॅराझेनने जिंकली, ती स्वतः घडवलेली एक काठी घेऊन. जुन्या निब्लिकच्या तळाला त्याने शिसं जोडून जाड, गोलसर बूड दिलं. ते वाळूत रुतत नाही, वाळूवरून सरकतं आणि चेंडूला वाळूसकट उचलतं. विमानाच्या भागांची हालचाल बघून ही कल्पना सुचली, असं तो सांगे. ही सँड वेज वाळूसाठी होती, पण लवकरच गवतावरही चालू लागली. तिकडे मैदानांना नळाने पाणी घालायला लागले होते, ग्रीन मऊ झाले, उंचावरून पडलेला चेंडू जागीच बसू लागला. मग घरंगळवायचं कशाला? त्या आधी १९२१ मध्ये जॉक हचिसनने पात्यावर खोल खाचा पाडलेल्या काठ्यांनी चेंडू असा फिरवला की तो पडून मागे येई. तो स्पर्धा जिंकला आणि पाठोपाठ तसल्या खाचांवर बंदी आली. खाचांचा हा वाद पुढेही मिटला नाही. २०१० साली पुन्हा नवा नियम करून त्यांची धार कमी करावी लागली. काठ्यांची संख्याही इतकी वाढली होती की काही खेळाडू वीस-पंचवीस घेऊन फिरत. अखेर अमेरिकेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनने १९३९ मध्ये चौदाची मर्यादा घातली. ओझं वाहणाऱ्या पोरांना या नियमाने किती बरं वाटलं असेल, ते कुठल्याच इतिहासात लिहिलेलं मला आढळलं नाही.

तेव्हापासून काठावरच्या फटक्याची दोन घराणी झाली. एक म्हणतं, हाताची हालचाल एकच ठेवा आणि अंतराप्रमाणे काठी बदला. दुसरं म्हणतं, काठी एकच ठेवा आणि मनगट बदला. पहिलं घराणं शिकवायला सोपं आहे, पुस्तकांत तेच असतं. दुसरं घराणं बहुतेक वेळा हौसेने नाही, नाइलाजाने जन्माला येतं. स्पेनमधल्या पेद्रेन्या गावचा सेवे बायेस्तेरोस लहानपणी तिथल्या मैदानावर कॅडी होता. त्याच्याकडे तीन नंबरची एकच लोखंडी काठी होती, जी खरं तर लांबच्या फटक्यांची. समुद्रकाठच्या वाळूत तो त्याच एका काठीने सगळे फटके मारायला शिकला. १९७६ साली रॉयल बर्कडेलच्या ओपन स्पर्धेत, एकोणीस वर्षांचा असताना, तो तीन दिवस आघाडीवर होता. शेवटच्या दिवशी जॉनी मिलर पुढे निघून गेला. अठराव्या भोकापाशी सेवेचा चेंडू ग्रीनबाहेर होता आणि मध्ये वाळूचे दोन खड्डे. बघणाऱ्यांना वाटलं, आता उंच उडवणार. त्याने दोन खड्ड्यांमधल्या अरुंद वाटेने चेंडू जमिनीलगत धाववला आणि भोकाजवळ नेऊन थांबवला. त्या घरंगळत्या फटक्याने त्याला जॅक निक्लॉसच्या बरोबरीने दुसरं स्थान दिलं. त्या दिवसाची आठवण काढणारे लोक मिलरच्या विजयाआधी हा फटका सांगतात.

आपल्याकडे इंडियन ओपन १९६४ साली सुरू झाली. ती सुरू करण्यात ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनचा मोठा वाटा होता, आणि पहिली स्पर्धा जिंकलाही तोच. ब्रिटनची ओपन पाच वेळा जिंकलेला हा माणूस टणक जमिनीवर चेंडू धाववणाऱ्यांपैकी. पुढच्याच वर्षी बिल्लू सेठी या हौशी खेळाडूने ती जिंकली. मग भारतीय नाव पुन्हा लागायला १९९१ साल उजाडलं. दिल्ली गोल्फ क्लबवर अली शेर जिंकला, ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. त्याच मैदानावर तो कॅडी म्हणून वाढला होता. १९९३ मध्ये तो पुन्हा जिंकला. मामूंनी पहिल्या विजयाची बातमी वर्तमानपत्रातून कापून घेतली आणि पाकिटात ठेवली. घडीवर फाटेपर्यंत ती तिथे होती. आमच्या मोहल्ल्यात ती कुणाला दाखवावी तर गोल्फ म्हणजे काय इथपासून सुरुवात. पण दाखवत.

२००८ च्या फेब्रुवारीत दिल्लीला इंडियन मास्टर्स झाली, तेव्हा मामू टीव्हीसमोरून उठले नाहीत. मोठमोठे परदेशी खेळाडू आले होते आणि जिंकला शिवशंकर प्रसाद चौरासिया. कलकत्त्याच्या जुन्या क्लबात गवताची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. लांब मारण्यात तो कधीच पुढे नव्हता. त्याची सगळी कमाई ग्रीनच्या काठावरची. सोबतचे खेळाडू त्याला 'चिपपटसिया' म्हणतात, चिप आणि पट यांवरून. तो चेंडूपाशी उभा राहिला की मामू आधीच काठी सांगत : आता ही घेईल. दर वेळी जुळायचं असं नाही. पण एकदा चौरासियाने हातातली काठी परत पिशवीत ठेवून दुसरी काढली, तेव्हा मामूंनी माझ्या मांडीवर जोरात थाप मारली. चौरासियाने पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली.

२०१६ च्या डिसेंबरात दिल्लीतच आणखी एक गोष्ट झाली. महूचा मुकेश कुमार, हाही कॅडी म्हणून सुरुवात केलेला, वयाच्या ५१ व्या वर्षी आशियाई टूरवरची आपली पहिली स्पर्धा जिंकला. महू म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव. अकोल्याहून खंडव्यावरून मीटर गेजची गाडी तिथे जायची, आपल्यातल्या पुष्कळांनी त्या गाडीने प्रवास केला असेल. ती बातमी वाचायला मामू राहिले नव्हते.

ते छावणीतून परत आले तेव्हा त्यांनी एक काठी आणली होती. लोखंडी, कललेल्या पात्याची, दांड्याला तार गुंडाळलेली. बडनेऱ्यात तिचा उपयोग चिंचा पाडायला झाला. एकदा मामूंनी आमच्या अंगणात गलीपासून दहा पावलांवर लिंबू ठेवून मला ते घरंगळत कसं न्यायचं हे तिच्याने दाखवलं होतं. काठी अजून आमच्याकडे आहे. पात्यावरच्या खाचा इतक्या झिजल्या आहेत की २०१० च्या नियमात ती सहज बसेल.